अडकलेली आसने आणि मद्रासची उकलणीची कारागिरी

मोटारीच्या दुरुस्तीचा इतिहास लिहिताना इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे आसनांना मिळत नाही. वस्तुतः ज्या मोटारींची रचना सुटे भाग नट-बोल्टांनी जोडून केलेली असते, त्यांच्यात यंत्राच्या कित्येक महत्त्वाच्या भागांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग आसनांखालूनच जातो, आणि ती आसने गंजून जागच्या जागी धरून बसली की पुढचे सगळे काम थांबते. घरच्या गॅरेजात संचातून जुळवलेल्या छोट्या शर्यती मोटारींच्या, म्हणजे किट कार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत ही अडचण जगभर परिचित आहे. १९९६ पासून चेन्नई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मद्रास शहरात मात्र ती हौशी लोकांपुरती राहिली नाही. येथे मोटार प्रथम लाकडी खोक्यांतून सुट्या भागांच्या रूपात आली, पुढे बोल्टांनी जुळवलेली एक मोटार येथेच वर्षानुवर्षे तयार झाली, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने ते बोल्ट सतत गंजवले. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे मोटार जोडण्याइतकीच ती न मोडता उकलण्याची कारागिरी या शहरात वाढीस लागली. औद्योगिक इतिहासात कारखान्यांची नोंद तपशिलाने झाली आहे. या कारागिरीची नोंद जवळजवळ झालेलीच नाही.

मद्रासमध्ये मोटारीच्या आधी घोडागाडीचा धंदा होता. १८४० मध्ये स्थापन झालेली सिम्पसन आणि कंपनी बग्ग्या व घोडागाड्या बांधत असे, आणि तिच्याच कारखान्यात सॅम्युएल जॉन ग्रीन या अभियंत्याने १९०३ मध्ये वाफेवर चालणारी मोटार तयार केली. त्या काळी मोटारीचा सांगाडा एका ठिकाणी आणि वरचा साज दुसऱ्या ठिकाणी तयार होणे ही सर्वत्र रूढ पद्धत होती. चाके, इंजिन आणि लोखंडी चौकट परदेशातून येई, तर लाकडी साटा, टप आणि गाद्या स्थानिक गाडीकार व गादीकार करीत. अशा गाडीत आसन म्हणजे लाकडी पेटीवर ठेवलेली, घोड्याचे केस वा काथ्या भरलेली जाड गादी असे. ती उचलली की खालची जागा मोकळी होई. आसन अडकण्याचा प्रश्न त्या काळात जवळजवळ नव्हताच. तो निर्माण झाला तो साच्यात दाबलेल्या पोलादी पत्र्याची फरशी आणि पुढे-मागे सरकणारे आसन या दोन सुधारणांमुळे. सरकणाऱ्या आसनाखाली दोन पट्ट्या असतात, त्यांना गॅरेजात रेल म्हणतात. खालची पट्टी फरशीला बोल्टने पक्की केलेली असते आणि वरची तिच्यावरून घसरते. चालकाची सोय झाली, पण त्याच वेळी घसरणारा लोखंडी जोड पायांतून येणारी धूळ, पावसाचे पाणी आणि घाम यांच्या थेट संपर्कात आला.

मोटार संचाच्या रूपाने येण्याची पद्धत मद्रासला फार लवकर परिचित झाली. फोर्ड कंपनीने मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन बंदरांत जुळवणीची केंद्रे चालवली होती. पूर्ण मोटार जहाजातून आणण्यापेक्षा तिचे भाग सुटे करून खोक्यांत भरले तर जागा कमी लागे, आणि आयात शुल्कही तुलनेने कमी बसे. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये एन्नोर येथे ऑस्टिन मोटारी जुळवण्यासाठी अशोक मोटर्स ही कंपनी उभी राहिली, जी १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली आणि मालमोटारींकडे वळली. त्याच सुमारास इंग्लंडच्या स्टँडर्ड मोटर कंपनीच्या सहकार्याने स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी स्थापन होऊन तिचा कारखाना शहराच्या दक्षिणेस वंडलूर-पेरुंगळत्तूर भागात सुरू झाला. १९५३ नंतर सरकारचे धोरण असे ठरले की केवळ जुळवणी करणाऱ्या आणि भाग देशात बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना येथे स्थान नाही. फोर्ड व जनरल मोटर्स यांनी भारतातील जुळवणी बंद केली, आणि स्टँडर्ड कंपनी टिकून राहिली. जुळवणीच्या या काळात ज्या कामगारांनी मोटारीचा प्रत्येक बोल्ट कोणत्या क्रमाने बसतो हे हातांनी शिकून घेतले, त्यांना तो उलट क्रमाने काढणेही स्वाभाविकपणे जमले. मद्रासच्या गॅरेजांची जडणघडण समजून घेताना ही बाब लक्षात घेणे आवश्यक आहे.

या इतिहासाच्या केंद्रस्थानी असलेली मोटार म्हणजे स्टँडर्ड हेरल्ड होय. इंग्लंडमध्ये १९५९ मध्ये ट्रायम्फ हेरल्ड या नावाने बाजारात आलेली आणि इटालियन रचनाकार जिओव्हानी मिकेलॉत्ती याने रेखाटलेली ही गाडी त्या काळाच्या प्रवाहाविरुद्ध जाणारी होती. इतर उत्पादक सांगाडा आणि साटा एकजीव करणाऱ्या रचनेकडे वळत असताना हेरल्डला मात्र स्वतंत्र पोलादी सांगाडा होता, आणि त्यावर साट्याचे वेगवेगळे खंड बोल्टांनी जोडलेले होते. यामागचे कारण व्यापारी होते: स्टँडर्ड-ट्रायम्फला साटे पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्ये प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ताब्यात गेली, त्यामुळे संपूर्ण साटा एका जागी करून घेण्याची सोय उरली नाही, आणि लहान लहान खंड निरनिराळ्या कारखान्यांत करवून ते शेवटी जोडणे भाग पडले. या रचनेचा आणखी एक फायदा असा की खोक्यांतून पाठवून दूरच्या देशात जुळवायला ती सोयीची होती. मद्रासमध्ये १९६१ पासून ही गाडी स्टँडर्ड हेरल्ड म्हणून तयार होऊ लागली, पुढे तिची चार दारांची आवृत्ती भारतातच निघाली, आणि १९७२ मध्ये तिचा सुधारित अवतार गॅझेल या नावाने आला.

इंग्लंडमध्ये याच सांगाड्याचा एक वेगळा संसार उभा राहिला. तेथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून तयार मोटारींवर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचावर मात्र तो लागू होत नसे. त्यामुळे १९५७ मध्ये कॉलिन चॅपमनने आणलेली लोटस सेव्हन ही दोन आसनी मोटार अनेकांनी संचाच्या रूपात विकत घेऊन घरी जुळवली. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आल्यावर ही सवलत संपली आणि सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले, तरी किट कारची हौस टिकली. जुन्या हेरल्डचा साटा काढून टाकायचा आणि उरलेल्या सांगाड्यावर फायबरग्लासचा, म्हणजे काचतंतूंत राळ मुरवून केलेल्या पत्र्याचा, नवा साटा बसवायचा हा त्या हौशींचा आवडता मार्ग होता. मद्रासच्या रस्त्यांवर टॅक्सीपासून डॉक्टरांच्या गाडीपर्यंत सर्व कामे करणारी कुटुंबवत्सल हेरल्ड आणि इंग्लंडच्या गल्लीतील शर्यती किट कार यांची हाडे अशी एकच होती. म्हणूनच एका ठिकाणी उद्भवणारी अडचण दुसऱ्या ठिकाणीही तशीच उद्भवत असे.

ती अडचण समजण्यासाठी हेरल्डची आतील मांडणी पाहावी लागते. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांकडे नेणारा दांडा आणि गिअरबॉक्स दोन पुढच्या आसनांच्या मधून, फरशीत उंचावलेल्या एका बोगद्याखालून जातात. बहुतेक मोटारींत गिअरबॉक्स गाडीखालून उतरवतात. हेरल्डमध्ये मात्र तो गाडीच्या आतून, बोगद्यावरचे दाबलेल्या पुठ्ठ्याचे झाकण काढून, उचलून बाहेर घ्यावा लागतो. परिणामी क्लचची तबकडी झिजली, आणि शहरातील गर्दीत ती झिजणे अटळ होते, तर कामाची पहिली पायरी म्हणजे पुढची आसने काढणे. खड्ड्यात वा जॅकवर गाडी चढवण्याची तेवढी गरज नाही, ही या रचनेची जमेची बाजू होती, आणि ज्या गॅरेजात लिफ्ट नव्हती, जागा म्हणजे रस्त्याकडेचे झाड हीच होती, तेथे ती मोलाची ठरली. पण आसने निघालीच नाहीत तर त्याच रचनेमुळे संपूर्ण काम खोळंबे.

आसने का निघत नाहीत, याचे उत्तर एका चक्रात आहे. रेल फरशीला चार टोकांशी पक्की असते. मागचे दोन बोल्ट दिसण्यासाठी आसन पुढे सरकवावे लागते आणि पुढचे दोन दिसण्यासाठी मागे. रेल गंजून जाम झाली तर आसन ज्या जागी थांबले असेल त्या जागी चारांपैकी दोन बोल्ट झाकलेले राहतात. रेल मोकळी करायची तर आसन बाहेर काढले पाहिजे, आणि आसन बाहेर काढायचे तर रेल मोकळी झाली पाहिजे. दोन दारांच्या हेरल्डमध्ये मागच्या प्रवाशांना आत जाता यावे म्हणून पुढचे आसन पुढे कलत असे, त्यामुळे हात घालायला थोडी वाट मिळे. लोटसच्या धाटणीच्या अरुंद किट कारमध्ये तीही मिळत नाही, कारण तेथे आसन एका बाजूला बोगदा आणि दुसऱ्या बाजूला सांगाड्याची नळी यांच्यामध्ये इतके घट्ट बसवलेले असते की पाना फिरवायला बोटभर जागा उरत नाही.

या चक्राला मद्रासच्या हवामानाने आणखी घट्ट केले. बंगालच्या उपसागराच्या काठावरील या शहरात हवेत वर्षभर आर्द्रता असते, वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात, आणि वर्षाच्या पावसाचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या तीन महिन्यांत कोसळतो. लोखंडावर ओलावा आणि प्राणवायू यांच्या क्रियेने जो गंज चढतो, त्याचे घनफळ मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. बोल्टाच्या आट्यांमधील बारीक फटीत तो साचला की आतून दाब निर्माण होतो आणि नट व बोल्ट जणू एकच धातू होतात. मिठामुळे त्या ओलाव्याची विद्युत् वाहून नेण्याची क्षमता वाढते आणि ही क्रिया वेग घेते. तमिळनाडूतच कारैकुडी येथे १९५३ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्थेने देशातील निरनिराळ्या ठिकाणच्या हवेत धातू किती वेगाने गंजतात याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे, आणि किनारपट्टीवरील गंज आतील भागापेक्षा किती तीव्र असतो हे त्यातून मोजमापाने पुढे आले; गॅरेजातील मेस्त्र्यांना ते हाताने ठाऊक होतेच. किट कारमध्ये ॲल्युमिनियमची फरशी आणि पोलादी बोल्ट असा संयोग असेल तर आणखी एक दोष उद्भवतो: खाऱ्या ओलाव्यात दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह सुरू होतो आणि त्यांपैकी ॲल्युमिनियम झिजत जाऊन पांढरी भुकटी आटे भरून टाकते.

सर्वांत अवघड प्रकार फरशीला खालून वेल्ड केलेल्या नटाचा असतो. नट गाडीच्या पोटाखाली उघडा पडलेला असल्याने रस्त्यावरचे पाणी थेट त्यावर उडते. वरून बोल्टाचे डोके कोरडे आणि स्वच्छ दिसते, पण खालचे टोक गंजाने फुललेले असते. अनुभवी मेस्त्री म्हणून वरून जोर लावण्याआधी गाडीखाली जातो, बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने घासतो, त्यांवर रॉकेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण वा गंज सैल करणारे तयार तेल सोडतो आणि रात्रभर थांबतो. सकाळी बोल्ट प्रथम किंचित आवळायचा, मग सोडायचा, पुन्हा आवळायचा. गंजाचा कडक थर अशा मागे-पुढे हालचालीने चुरा होतो. थेट उलट दिशेने सगळी ताकद लावली तर बोल्ट तुटतो किंवा वेल्ड सुटून नट बोल्टाबरोबर फिरू लागतो, आणि मग फरशी कापण्यावाचून उपाय राहत नाही. बत्तीने तापवणे हा जुना उपाय लोखंडी फरशीत चालतो, कारण नट आधी प्रसरण पावतो आणि पकड सुटते. फायबरग्लासच्या साट्यात तो निषिद्ध आहे, कारण राळ पेट घेते, आणि गालिचा व गादी तर कोणत्याही गाडीत पेट घेतात.

पाना निवडण्याचा प्रश्नही मद्रासमध्ये किचकट होता, आणि याचे मूळ इतिहासात आहे. युद्धपूर्व ब्रिटिश गाड्यांचे आटे व्हिटवर्थ पद्धतीचे होते, ज्यात पान्याचे माप बोल्टाच्या जाडीवरून सांगतात. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी मान्य केलेल्या एकीकृत आट्यांची पद्धत पुढे हेरल्डसारख्या गाड्यांत आली, आणि तिचे पाने बोल्टाच्या डोक्याच्या रुंदीवरून इंचांत मोजले जात. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापे आली आणि ऐंशीच्या दशकातील जपानी सहकार्याच्या गाड्यांबरोबर मिलिमीटरचे पाने सगळीकडे पसरले. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना बसतो, सैल बोल्ट सोडवतोही, पण गंजलेल्या बोल्टावर तोच पाना घसरून डोक्याचे कोपरे गोल करतो. अडकलेल्या आसनांपैकी कितीतरी आसने गंजापेक्षा या ०.३ मिलिमीटरच्या फरकाने कायमची अडकली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. जुन्या गॅरेजात तिन्ही पद्धतींचे पाने स्वतंत्र पिशव्यांत ठेवण्याची शिस्त होती, आणि शिकाऊ मुलाची पहिली परीक्षा ते न मिसळण्याची असे.

बोल्ट तुटलाच तर त्याच्या मध्यातून भोक पाडून, उरलेले कवच काढून, नवे आटे पाडावे लागतात. त्यासाठी लागणारी ड्रिल आणि आटे पाडण्याचे टॅप मद्रासच्याच ॲडिसन कंपनीचे मिळत. १८७३ मध्ये स्थापन झालेले हे जुने व्यापारी घर सिम्पसनप्रमाणेच एस. अनंतरामकृष्णन यांच्या अमाल्गमेशन्स समूहात आले आणि पुढे कर्तन हत्यारांसाठी प्रसिद्ध झाले. नवा बोल्टही दुरून आणावा लागत नसे, कारण पाडी या उपनगरात टीव्हीएस घराण्याचे व्हील्स इंडिया, लुकास टीव्हीएस, ब्रेक्स इंडिया हे कारखाने साठच्या दशकात उभे राहिले आणि त्यांच्यापाठोपाठ १९६६ मध्ये नट-बोल्ट बनवणारी सुंदरम फास्टनर्सही आली. कारखान्यांच्या या दुनियेला दुसरी बाजू होती ती पुदुपेटची. कूवम नदीजवळील या वस्तीत निकामी मोटारी विकत घेऊन त्यांचा प्रत्येक भाग वेगळा काढून विकण्याचा धंदा वाढला. तेथील कारागिराला आसन रेलसकट आणि न वाकवता काढता आले तरच त्याची किंमत येते, त्यामुळे उकलणीचे सर्वांत सूक्ष्म कसब याच गल्ल्यांत टिकले. आसनांच्या नव्या खोळी व साजासाठी ग्राहक जनरल पॅटर्स रोडकडे वळत. आयात निर्बंधांच्या काळात नवे भाग मिळणे दुरापास्त असताना जुना भाग शाबूत काढणे हे उत्पादनाच्याच योग्यतेचे काम होते, आणि त्याला तसा मान मिळायला हवा होता.

शर्यती मोटारींचे जगही येथून दूर नव्हते. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने शहराच्या उत्तरेस शोळवरम येथील महायुद्धकालीन धावपट्टीवर शर्यती भरवल्या, आणि तेथे हेरल्ड, फियाट यांच्यात फेरफार केलेल्या गाड्यांबरोबर घरी बांधलेल्या गाड्याही धावल्या. बेंगळुरूच्या सिपानी कंपनीची फायबरग्लास साट्याची डॉल्फिन ही हलकी मोटार, जी इंग्लंडच्या रिलायंट किटनवर आधारित होती, तेथे विशेष चमकली. १९९० मध्ये इरुंगाट्टुकोट्टै येथे क्लबचा स्वतःचा ३.७ किलोमीटरचा मार्ग तयार झाला आणि कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुतीचे इंजिन बसवून तयार केलेल्या एक आसनी फॉर्म्युला मारुती गाड्यांनी तरुण चालकांची एक पिढी घडवली. शर्यतीच्या गाडीत सरकणारी रेल बहुधा नसते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आसनाचा आधार किमान चार ठिकाणी, किमान ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टांनी पक्का करावा लागतो. तेथे आसन वारंवार काढले जाते, म्हणून ते अडकतही नाही. महाराष्ट्र आणि गोव्यातील प्रयत्न या संदर्भात आठवणे उचित ठरेल: इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या बळावर घडवलेली मीरा ही छोटी मोटार, गोव्याशी निगडित सॅन स्टॉर्म ही १९९८ ची फायबरग्लास साट्याची दोन आसनी गाडी, आणि अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत तयार झालेली, लोटस सेव्हनच्या वळणाची चिंकारा रोडस्टर. किनाऱ्यावरच्या हवेत वर्षभर उभ्या राहणाऱ्या अशा हौशी गाड्यांना आसनांचे दुखणे मद्रासइतकेच लागते, किंबहुना जास्त, कारण त्या कमी चालवल्या जातात आणि रेल महिनोन्महिने हलत नाही.

गॅझेलचे उत्पादन १९७७ मध्ये थांबले. रोव्हरच्या साट्यावर आधारलेली स्टँडर्ड २००० ही महाग मोटार १९८५ मध्ये आली आणि १९८८ मध्ये कारखान्यातील मोटार उत्पादन संपले. नव्वदच्या दशकात ह्युंदाई आणि फोर्ड यांचे मोठे कारखाने शहराच्या परिसरात आले. त्यांच्या एकजीव साट्याच्या गाड्यांत गिअरबॉक्ससाठी आसने काढावी लागत नाहीत. आता आसनाखाली एअरबॅगच्या तारा असतात, आणि बॅटरी न सोडवता त्यांना हात लावणे धोक्याचे आहे, हे एक नवे ज्ञान जुन्या मेस्त्र्यांना शिकावे लागले. तरीही डिसेंबर २०१५ च्या पुरात शहरातील असंख्य मोटारी पाण्यात बुडाल्या तेव्हा गालिच्याखालचा ओला नमदा वाळवण्यासाठी आसने काढण्याचे काम पुन्हा एकदा सगळ्या गॅरेजांवर आले, आणि ज्यांनी ते लांबवले त्यांच्या गाड्यांच्या रेल पुढच्या काही महिन्यांत हलेनाशा झाल्या.

हेरल्ड आणि गॅझेल आज जुन्या मोटारींच्या संग्राहकांकडे उरल्या आहेत, आणि त्यांची देखभाल करणारी गॅरेजे आसन परत बसवताना काढण्याइतकाच वेळ घेतात. रेल रॉकेलने धुऊन सरळ केली जाते, वेल्ड केलेल्या नटांतून टॅप फिरवून आटे साफ केले जातात, बोल्ट जस्ताचा लेप असलेले घेतले जातात, आणि आट्यांवर तांब्याची भुकटी मिसळलेले ग्रीस लावले जाते. ॲल्युमिनियमची फरशी असेल तर बोल्टाखाली नायलॉनचे वॉशर घालून दोन धातू वेगळे ठेवले जातात. गाडीखाली बाहेर आलेल्या टोकांवर मेणयुक्त लेप चढवून त्यांवर रबराची टोपी बसवली जाते, आणि ईशान्य मोसमी पाऊस संपला की डिसेंबरच्या अखेरीस आसने एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे सरकवून पाहण्याची सूचना मालकाला दिली जाते.